जुनी पिकअप: शोधावी कशी, जगवावी कशी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गोठ्यामागच्या शेडमध्ये, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली, कारखान्याच्या किंवा दूध संघाच्या आवारात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जीप आणि पिकअप आजही सापडतात. त्यातल्या काही दरवर्षी किलोच्या भावाने भंगारात जातात. एखादी वाचवावी, पुन्हा रस्त्यावर आणावी असं तुमच्या मनात असेल, तर सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधी देतो. दुरुस्तीपेक्षा शोधाला जास्त वेळ द्या. पत्रा, चासी आणि कागद शाबूत असलेली गाडी मिळाली की बंद इंजिन ही लहान अडचण ठरते. याउलट चालू इंजिनाची पण गंजलेल्या चासीची, अर्धवट कागदांची गाडी घेतली, तर खर्च संपत नाही आणि शेवटी हाती जुनी गाडी उरतच नाही. जुन्या नंबराची नवी गाडी उरते.

काय शोधायचं ते आधी ठरवा

आपल्याकडच्या जुन्या पिकअपचा मोठा वंश विलीज जीपचा आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आलं. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं, पण भारतात त्याची परंपरा पुढे कितीतरी वर्षं चालली. लांब चासीच्या जीपवर मागे हौदा आणि फाळका बांधून घेतलेल्या गाड्या खेडोपाडी माल वाहत होत्या. खरी कंपनीची पिकअप हवी असेल, तर एफसी-१५० शोधा. चपट्या तोंडाच्या या गाडीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन केबिनमध्ये दोन सीटांच्या मधे झाकणाखाली असतं. अमेरिकेत ती १९५६ ते १९६५ या काळात बनली; महिंद्राने १९६५ मध्ये हलकी व्यापारी वाहनं बनवायला सुरुवात केली ती याच गाडीपासून. तिच्या पुढच्या पिढ्या एफसी-१६० आणि एफसी-२६० या नावांनी आल्या.

दुसरा वंश डॉज, फार्गो आणि डिसोटोचा. या नावांचे ट्रक मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनत. ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली, आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही त्यांनीच १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर उसाच्या शेतीतून आणि साखर कारखान्यातून उभं केलं. या भागात एखादी जुनी डॉज किंवा फार्गो सापडली, तर तिचा इथल्या इतिहासाशी असा थेट धागा आहे. मात्र या गाड्या आकाराने मोठ्या, त्यांचे सुटे भाग दुर्मीळ आणि ठेवायला जागाही जास्त लागते. पहिलाच अनुभव असेल तर जीप वंशापासून सुरुवात करा.

बजेट आणि वेळ दोन्ही कमी असतील, तर पुण्याच्या टेल्कोने १९८८ मध्ये आणलेली टाटामोबाइल २०६ पाहा. ती अजून पन्नाशीला पोचलेली नाही. पण चांगल्या अवस्थेतली टाटामोबाइल आज जपली, तर पुढच्या पिढीला ती शाबूत मिळेल.

कुठे शोधायचं

या दोन तालुक्यांत हवामानाने आपल्याला साथ दिली आहे. इंदापूर आणि बारामतीचा बराच भाग अवर्षणप्रवण. कोकणात पत्रा खाऊन टाकणारी दमट हवा इथे नाही. पण तालुका एकच असला तरी जमीन एक नाही. १८८० च्या दशकात आलेल्या नीरा डाव्या कालव्याने बागायत आणली आणि तिच्याबरोबर काही ठिकाणी पाणथळ, क्षारपड जमिनीही आल्या. ओलसर, खारट मातीवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची चासी खालून कुजते. वरून मात्र ती देखणी दिसते. जिरायत भागातल्या, मोरगाव-सुपे बाजूच्या किंवा इंदापूरच्या माळरानावरच्या कोरड्या शेडमधली गाडी धुळीने माखलेली असली, तरी बहुतेक वेळा तीच अधिक शाबूत निघते.

माल वाहणाऱ्या गाड्या जिथे कामाला होत्या, तिथून शोध सुरू करा. बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यातले भवानीनगरचा छत्रपती आणि बिजवडीचा कर्मयोगी हे सहकारी साखर कारखाने, त्यांचे शेतकी विभाग, दूध संघ, पाटबंधारे खात्याची आवारं, पंचायत समित्या यांच्याकडे एकेकाळी जीपचा ताफा असे. अशा संस्था निरुपयोगी वाहनं लिलावात काढतात आणि त्याच्या निविदा स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. सरकारी वाहनांचे लिलाव बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. यादीत 'जीप, भंगार' एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी जायलाच हवं.

घरगुती गाड्यांची माहिती मात्र माणसांकडूनच मिळते. जुने मेकॅनिक, रेडिएटरवाले, लेथवाले आणि पेट्रोल पंपावरचे जुने कामगार यांना कोणाच्या वाड्यात कोणती गाडी उभी आहे, ती कधी बंद पडली आणि का, हे तोंडपाठ असतं. निमगाव केतकीचे पानमळे, भिगवणचा मासळी बाजार, बारामतीचं मार्केट यार्ड इथल्या जुन्या वाहतूकदारांना भेटा. गावोगाव फिरणाऱ्या भंगारवाल्यालाही सांगून ठेवा की अशी गाडी दिसली तर कापण्याआधी कळव. पावसाळ्याच्या तोंडावर लोक शेड आवरतात, तेव्हा अडगळीतल्या गाड्या बाहेर निघतात. तो हंगाम चुकवू नका.

मालकाशी बोलताना

किमतीपासून सुरुवात करू नका. ज्या गाडीने शेताला खत नेलं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं, मुलीची पाठवणी केली, तिच्याकडे घरातली मोठी माणसं भंगार म्हणून पाहत नाहीत. "आबा, ही कधी घेतली होती? शेवटची कधी चालली? बंद का पडली?" असं विचारा आणि शांतपणे ऐका. या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून गाडीची खरी प्रकृती कळते. 'ड्रायव्हर गेला, मग कोणी हात लावला नाही' ही गोष्ट वेगळी आणि 'पाणी तापायचं, ऑइलमध्ये पाणी यायचं' ही वेगळी. दुसऱ्या गोष्टीत पॅकिंगपासून ब्लॉकला गेलेल्या तड्यापर्यंत काहीही असू शकतं.

गाडीचं तुम्ही काय करणार हेही मोकळेपणाने सांगा. घरचे बहुतेकदा पैशांपेक्षा गाडी कापली जाणार नाही ना, याची खात्री मागतात. ती दिली तर तिचं पालन करा. माळ्यावर पडलेलं हँडल, जॅक, जादा चाक, जुनी बिलं, पुस्तिका, गाडीसोबतचे फोटो यांचीही चौकशी करा. हे सगळं एकदा विखुरलं की पुन्हा गोळा होत नाही.

पाहणी: वरून नाही, खालून

टॉर्च, जुना स्क्रू-ड्रायव्हर, लोहचुंबक आणि झोपायला पोतं घेऊन जा. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना दगड लावा आणि जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका.

पहिली तपासणी चासीची. दोन्ही लांब पट्ट्या, आडवे पट्टे, पाट्यांचे हँगर आणि शॅकलच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. वरचा गंज खरवडून निघतो. आत टोक रुतलं तर तो भाग गेला. चासीवर वेल्डिंगचे जाड ओघळ, वरून मारलेल्या पट्ट्या दिसल्या तर गाडीने जादा बोजा वाहिला आहे किंवा अपघात पाहिला आहे. हौद्याखालच्या आडव्या बारांकडे नीट पाहा. शेणखत, रासायनिक खत आणि मळी वाहिलेल्या गाड्यांत तिथे क्षार साचून लोखंड पोखरलेलं असतं.

मग पत्रा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर, मडगार्डवर, पायाखालच्या पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे खाली पुट्टीचा थर आहे. पुराचं पाणी लागलं होतं का, हेही पाहा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कऱ्हेला आलेला पूर आणि २०२० च्या ऑक्टोबरमधली अतिवृष्टी यांत या भागातल्या अनेक ठिकाणी पाणी शिरलं होतं. हेडलाइटच्या वाटीत, डॅशच्या मागे, चासीच्या पोकळीत गाळाची रेघ दिसली, तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्येही पाणी गेलं असण्याची शक्यता धरून चाला.

शेवटी इंजिन. सीजे-३बी आणि एफसी-१५० मध्ये मुळात हरिकेन हे चार सिलिंडरचं, सुमारे २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, म्हणून ते ओळखायला सोपं. आपल्याकडे पेट्रोल महागल्यावर शेकडो जीपांत डिझेल इंजिनं बसली. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावर बेतलेलं डिझेल इंजिन पुढे महिंद्राने स्वतःही जीपमध्ये दिलं. म्हणून डिझेल इंजिन दिसलं की नाक मुरडू नका. ते कंपनीने बसवलं की नंतर कोणी बसवलं, एवढं शोधा. बी-२७५ उघडणारे हात या भागातल्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आजही आहेत, ही मोठी सोय आहे.

गाडीवर काय काय मूळचं आहे याची यादी तिथेच करा: डॅशवरची पट्टी, मीटर, स्टिअरिंग, दिवे, ग्रिल, फाळक्याच्या कड्या, सीटचे सांगाडे. इंजिनाचे भाग मिळतात; फाळका आणि मीटर मिळत नाहीत. बंद पण सगळे अवयव जागेवर असलेली गाडी, चालू पण अर्धी बदललेल्या गाडीपेक्षा नेहमी चांगली.

कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नका

आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घ्या. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पट्टी नव्या रिव्हेटने बसवलेली वाटली, तर तिथूनच परत फिरा. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीपच्या धर्तीवर नव्या बॉडी बांधण्याचा मोठा धंदा आहे. दिसायला सुबक अशी गाडी जुनी म्हणून विकली जाते, तेव्हा चासी आणि कागदच खरं सांगतात.

१९८९ मध्ये एमएच मालिका सुरू होण्याआधीच्या गाड्यांचे नंबर 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे असत. अशा गाडीची नोंद मूळ कार्यालयात, बऱ्याचदा पुण्यात असते आणि ती संगणकात आलेली असेलच असं नाही. एमएच-४२ म्हणजे बारामतीचं कार्यालय फार नंतरचं. व्यवहाराआधी आरटीओत जाऊन नोंद जिवंत आहे का, कर थकला आहे का, कर्जाचा बोजा आहे का, याची खात्री करा.

मालक हयात असेल तर हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. लिलावात घेतली असेल तर फॉर्म ३२, सोबत लिलावाची पावती आणि ताबा पत्र. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. भावकीत वाद असेल तर गाडी कितीही सुंदर असो, थांबा. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ती करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं. त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. दुसरं, हे नियम दुचाकी आणि प्रवासी वर्गातल्या चारचाकींसाठी, खाजगी वापराच्या गाड्यांसाठी लिहिलेले आहेत. त्यामुळे आरसीवर गाडीचा वर्ग 'जीप' आहे की 'मालवाहू', हा प्रश्न पिकअपच्या बाबतीत निर्णायक ठरतो. मालवाहू नोंद असेल तर पुढची वाट आरटीओकडून आधी विचारून घ्या, मगच पैसे द्या.

गाडी घरी आणताना

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ओढत आणू नका. ब्रेक चिकटलेले असतात, टायर फुटतो, बेअरिंग सुकलेलं असतं. ती क्रेनच्या टेम्पोवर चढवून आणा. हलवण्याआधी जागच्या जागी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नंतर वायर कुठून जात होती, कडी कोणत्या बाजूला होती, याचं उत्तर त्या फोटोंतच मिळतं. शेडच्या जमिनीवर पडलेले बोल्ट, पट्ट्या, काचेचे तुकडे एका पिशवीत भरून घ्या.

चाक उघडताना नटला जोर लावण्याआधी पाहा: काही जुन्या विलीज जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे असतात. गंजामुळे अडलं आहे असं समजून पान्याला पाइप लावला, तर स्टड तुटतो.

झोपलेलं इंजिन जागं करताना

बॅटरी लावून स्टार्टर मारण्याचा मोह टाळा. आत अडकलेली रिंग, मोडलेला व्हॉल्व्ह किंवा उंदराचं घरटं असेल, तर त्या एका झटक्याने जे वाचलं असतं तेही जातं.

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग न्यूट्रलमध्ये, हँडलने, हळूहळू फिरवून पाहा. अडलं तर उलट दिशेला थोडं, पुन्हा पुढे. जोर लावू नका. पुन्हा तेल सोडा आणि थांबा. इंजिन मोकळं फिरू लागलं की जुनं ऑइल काढा, खालचा चेंबर उघडून साचलेला गाळ पुसा, नवं ऑइल आणि फिल्टर घाला. प्लग न लावता हँडलने इतका वेळ फिरवा की ऑइलचा दाब मीटरवर दिसेल. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी धुऊन तिच्यात खुणेपर्यंत ताजं ऑइल भरा.

रेडिएटर आणि ब्लॉकमधला गाळ उलट बाजूने पाणी सोडून काढा. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरा. रबरी पाइप दिसायला चांगले असले तरी सगळे बदला.

पेट्रोलची टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते. तिला घरी वेल्डिंग किंवा डाग देणं जिवावर बेततं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून तयार होतं. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण साठ वर्षांपूर्वीचं रबर आणि बूच-पॅकिंग त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, चिकट होतं, गळतं. म्हणून इंधनाचे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचं किट इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं बसवा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि टाकी आतून गंजते.

पॉइंट बारीक पॉलिश कागदाने साफ करा. हरिकेन इंजिनात पॉइंटचा गॅप सुमारे ०.०२० इंच आणि प्लगचा ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कंडेन्सर आणि प्लग वायर नव्या घ्या. जुन्या वायरिंगचं कापडी आवरण भुरभुरलं असेल, तर तुकडे जोडत बसू नका. पूर्ण वायरिंग नवं, फ्यूजसह करा. जुन्या जीपला आग लागते ती बहुधा तिथूनच.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी उघड्यावर आणा, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, एक माणूस मीटरपाशी उभा करा. काही क्षणांत ऑइलचा दाब आला नाही तर लगेच बंद करा. निळा धूर सुरुवातीला निघेल, रिंगा मोकळ्या झाल्या की तो कमी होतो. एकसारखा पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग गेलं आहे. इंजिन पूर्ण उघडायचं की नाही, हे कॉम्प्रेशन मोजल्यावरच ठरवा. जे इंजिन दाब धरतं, ते नुसतं हौस म्हणून खोलू नका.

पळण्याआधी थांबायला शिकवा

इंजिन सुरू झालं की गाडी गल्लीत फिरवून आणण्याचा आग्रह सगळेच धरतात. ब्रेक झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर जाणार नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

या गाड्यांच्या ब्रेकला एकच ऑइल लाइन असते. एका चाकाचं वॉशर फाटलं, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या सगळं नवं किंवा पूर्ण उघडून दुरुस्त केलेलं हवं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेने फुंकू नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि नाकातोंडाला मास्क लावा. अनेक जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसमागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हा हँडब्रेक गाडी धरत नाही. म्हणून चाकांना ठोकळे लावूनच उचला.

किंगपिन, टायरॉड, स्टिअरिंग बॉक्स यांतला ढिलेपणा काढा. पाट्यांमधली माती काढून ग्रीस द्या. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचं तेल बदला. दुधाळ निघालं तर पाणी गेलेलं आहे, दोनदा धुऊन काढा. टायरची नक्षी कितीही खोल दिसली तरी बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का पाहा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. जुने, चिरा गेलेले टायर ट्यूब-फ्लॅपसकट बदलाच.

पत्रा आणि रंग: काय ठेवायचं

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि ते हौसेपोटी होतं. चकाकणारा लाल रंग, रुंद टायर, क्रोमचे पाइप, ओळीने दिवे लावले की गाडी लक्ष वेधते. पण ती जिथून आली ती गोष्ट पुसली जाते. आधी साध्या साबणाच्या पाण्याने गाडी धुवा. सीटखाली, डॅशच्या मागे, बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंग सापडतो. दारावर कारखान्याचं नाव, फाळक्यावर पेंटरच्या हातची अक्षरं पुसट दिसत असतील, तर ती जपा. तोच या गाडीचा जन्मदाखला आहे.

मूळ रंग बऱ्यापैकी टिकला असेल तर पूर्ण रंग देऊ नका. गंजलेला भाग तारेच्या ब्रशने साफ करा, गंजरोधक द्रव लावा, प्रायमर आणि जुळता रंग तेवढ्याच जागी द्या. कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा घाला. पुट्टी भरून झाकू नका. जुना रंग घासताना तो ओला करून घासा, कारण त्यात शिसं असू शकतं. चासीच्या पोकळीत गंजरोधक मेण सोडा. जळकं ऑइल फवारण्याची जुनी सवय सोडून द्या. ते रबर खातं आणि जमिनीत जातं.

माणसं, सुटे भाग आणि हंगाम

गळीत हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, बारामती-इंदापूरची गॅरेजं ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रकांत गुंतलेली असतात. तेव्हा तुमची जीप कोपऱ्यात पडून राहील. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शोध आणि कागदपत्रं, पावसाळ्यात इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स आणि दसऱ्यानंतर कोरड्या हवेत रंग, असं वर्ष आखलं तर कामही नीट होतं आणि मेकॅनिकलाही सवड असते.

लेथ, बुश, पिन यांसाठी दूर जायला नको. बारामती एमआयडीसीत पियाजिओसारखे मोठे वाहन उद्योग आल्यापासून त्या परिसरात यंत्रकाम जाणणारे कुशल हात वाढले आहेत. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, पुण्यातलाच जुना बाजार, मुंबईचं कुर्ला ही ठिकाणं. जुना भाग सोबत घेऊन जा. नुसत्या नावावर भाग आणला तर तो बसत नाही. सीजे-३बी जपानमध्येही मित्सुबिशीने परवान्याने बनवली होती, आणि जगभर तिचे चाहते आहेत. त्यामुळे मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळतं. ते आधी मिळवा आणि मेकॅनिकच्या हाती द्या.

सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे वयस्क मेकॅनिक. पॉइंट लावणं, कानाने टायमिंग ओळखणं, हाताने पाटा बसवणं हे जाणणारी पिढी आता थोडी उरली आहे. त्यांना योग्य मजुरी द्या, घाई करू नका, आणि शक्य असेल तर गावातल्या आयटीआयमधल्या एखाद्या मुलाला त्यांच्या हाताखाली उभं करा. गाडीबरोबर ही विद्याही पुढच्या पिढीकडे गेली पाहिजे. पैशाचं गणित मांडताना खरेदी, कागद, ब्रेक-टायर, इंजिन आणि पत्रा असे वेगळे रकाने करा आणि एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग न दिसलेल्या कामांसाठी राखून ठेवा. तेवढा नसेल तर खरेदी एक वर्ष पुढे ढकला.

चालू झाल्यानंतर

या गाडीवर आता बोजा लादू नका. तिने उसाची वाढी आणि खताची पोती वाहिली ते दिवस झाले. दर पंधरा दिवसांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवा, कोरड्या फरशीवर उभी करा, उंदरांपासून जपा. विमा आणि पीयूसी संपू देऊ नका.

एक वही ठेवा. गाडी कोणाची होती, कोणत्या गावात कामाला होती, काय बदललं, काय मूळचं ठेवलं, कोणत्या मेकॅनिकने काय केलं, कोणता भाग कुठे मिळाला, हे तारखेसह लिहा. काढलेले जुने भाग फेकू नका. चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. वर्षातून एकदा ज्या घरातून गाडी आणली त्या घरी तिला घेऊन जा, तिथल्या मोठ्यांकडून आणखी आठवणी लिहून घ्या. तुमच्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला चावीबरोबर ही वहीही मिळाली, तर तिच्या पुढच्या दुरुस्तीला अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.